बाग कधी थांबली?

गुलाबाच्या बागेचा माळी आजारी पडला, तर चार दिवसांत कळते. फुले माना टाकतात, पाने करपतात, शेजारी चौकशीला येतात. कमी पाण्यावर जगणारी बाग मात्र गप्प राहते. सोलापूर, धाराशिव, बीड, लातूर, अहिल्यानगर या पट्ट्यात ज्यांनी मुरमाड जमिनीवर कोरफड, निवडुंग, घायपात, कण्हेर, बोगनवेल, चाफा, बोर, सीताफळ लावून अंगण हिरवे केले, त्यांना हे चांगले ठाऊक आहे. माळी महिनाभर अंथरुणाला खिळला तरी या झाडांवर फारसे काही दिसत नाही. दिसू लागते तेव्हा बराच काळ उलटून गेलेला असतो.

याचे कारण झाडांच्या रचनेत आहे. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून हवा आत घेतात आणि त्याच वाटेने पाणी गमावतात. कोरफड, निवडुंग आणि घायपात ही कामे रात्री, गारव्यात उरकतात आणि दिवसा दारे लावून बसतात. मांसल पानांत किंवा खोडात पाण्याचा साठा असतो. चाफा उन्हाळ्यापूर्वीच पाने गाळून खर्च कमी करतो. बोरीची मुळे खोल जातात. प्रत्येकाकडे काही ना काही शिल्लक असते आणि ती संपेपर्यंत झाड तक्रार करत नाही.

माणसाच्या शरीराचेही असेच आहे. हृदय, फुफ्फुसे, मूत्रपिंडे, स्नायू यांच्याकडे रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्षमता असते. वयाबरोबर आणि आजाराबरोबर ही शिल्लक कमी होत जाते, पण घरातल्या घरात वावरणाऱ्या माणसाला ते जाणवत नाही. जिथे थोडे जास्त बळ लागते तिथेच ते आधी उघडे पडते. पाण्याची बादली उचलणे, उकिडवे बसून तण काढणे, काटेरी फांदी छाटताना तोल सांभाळणे ही तशी कामे आहेत. म्हणून माझे असे मत झाले आहे की, ज्याची बाग होती अशा वयस्कर रुग्णाला ‘काय त्रास होतो’ याच्या जोडीने ‘बाग कधी थांबली’ हेही विचारायला हवे. आणि ती का थांबली, हेही.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रांग मोठी असते, केसपेपर छोटा असतो. वृद्धांची कार्यक्षमता मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या दोन जुन्या याद्या आहेत. एक १९६३ मधली, कॅट्झ यांची. तिच्यात अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवण एवढ्या गोष्टी येतात. दुसरी १९६९ मधली, लॉटन आणि ब्रॉडी यांची. तिच्यात फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचे व्यवहार आहेत. दोन्ही याद्या उपयोगाच्या आहेत, त्यांनी असंख्य रुग्णांचे भले झाले आहे. पण दोन्हींत बाग नाही, भजन नाही, पारावर जाऊन बसणे नाही. माणूस जेवू शकतो आणि अंघोळ करू शकतो म्हणजे त्याचे ठीक चालले आहे, असा निष्कर्ष या याद्यांवरून सहज निघतो. त्याच्या अंगणात दोन वर्षे कोणी फिरकले नाही, हे कागदावर येत नाही.

एक उदाहरण सांगतो. एसटीतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ ‘अशक्तपणा’ म्हणून आले होते. टॉनिक लिहून द्या, एवढीच मागणी होती. बोलता बोलता त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. मुरमाच्या उतारावर दगडी बांध घालून केलेले वाफे, कुंपणाला घायपात, कोपऱ्यात दोन सीताफळी, एक बोर, पांढरा चाफा आणि निवडुंगाचे पंधरावीस प्रकार. ‘ही आमची बाग होती,’ ते म्हणाले. मी विचारले, ‘होती म्हणजे? आता नाही का?’ मग हळूहळू सगळे बाहेर आले. पूर्वी ते न्हाणीचे पाणी दोन बादल्या दोन हातांत घेऊन वरच्या वाफ्यापर्यंत नेत. मग एकच बादली नेऊ लागले. मग अर्धी. मग वाटेत थांबून. वरचा वाफा सुटला, नंतर मधला. शेवटी ओट्यावर बसून बघणे उरले. घरच्यांना वाटले, वयोमान झाले. त्यांनाही तेच वाटले.

दोन बादल्यांपासून अर्ध्या बादलीपर्यंतचा हा दीड वर्षाचा प्रवास म्हणजे हृदयाच्या कमजोरीचा पाठ्यपुस्तकी इतिहास होता. रात्री दोन उशा लागत होत्या, संध्याकाळी घोट्याशी सूज येत होती. हे त्यांनी आपणहून सांगितले नव्हते, कारण बसल्या जागी त्रास नव्हता. इको तपासणीत हृदयाची पंप करण्याची ताकद बरीच घटलेली दिसली. औषधे सुरू झाली. काही महिन्यांनी सूज गेली, झोप लागू लागली, चालणे वाढले. बाग मात्र पूर्वीसारखी झाली नाही आणि होणारही नव्हती. ओट्याजवळ बारा कुंड्या आल्या. वरचा वाफा गेला तो गेलाच.

अशी माणसे वेगवेगळ्या कारणांनी बागेपासून तुटतात आणि ते कारण बहुतेक वेळा आजाराचे नाव सांगते. उकिडवे बसता येईना, तर गुडघ्यांची झीज. ओझे नेताना दम लागू लागला, तर हृदय, फुफ्फुसे किंवा रक्तक्षय. तण आणि रोप यांतला फरक दिसेना, तर मोतीबिंदू. पायात काटा मोडला तरी कळेना, तर मधुमेहाने बधिर झालेल्या नसा. कात्री धरताना हात थरथरतो, पाऊल बारीक पडते, तर कंपवात. सगळे जमते पण जावेसेच वाटत नाही, पहाटे लवकर जाग येते आणि मन उदास असते, तर नैराश्य. वृद्धांतले नैराश्य अनेकदा रडण्यातून व्यक्त होत नाही, आवडीची गोष्ट सुटण्यातून होते.

आणखी एक खूण या कोरडवाहू बागेतच दिसू शकते. निवडुंग आणि कोरफड पाण्यावाचून सहसा मरत नाहीत, जास्त पाण्याने मरतात. मुळे कुजतात, खोड मऊ पडते. आयुष्यभर हिशेबाने पाणी घालणारा माणूस दिवसातून तीनदा त्याच कुंडीत तांब्या ओतू लागला, तर ‘आजोबांना आता उद्योग नाही’ असे म्हणून हसण्यापूर्वी त्यांच्या स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी. एवढ्यावरून निदान होत नाही, पण विचारायला कारण नक्की मिळते.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो. आजार कळल्यावर आपण काय सल्ला देतो? ‘आता आराम करा, खूप केलेत.’ हे वाक्य डॉक्टर म्हणतात, मुले म्हणतात, भेटायला आलेले पाहुणेही म्हणतात. मग पुण्याहून मुलगा येतो, आई पडू नये म्हणून अंगणात कोबा करून देतो. हेतू चांगलाच असतो. पण ‘आराम’ हेही एक औषध आहे, त्याला मात्रा आहे आणि दुष्परिणामही आहेत. २००७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांचे सरासरी जवळपास एक किलो स्नायू कमी झाले आणि पायांची ताकदही लक्षणीय घटली. ही निरोगी माणसे होती, हे लक्षात घ्या. आधीच आजारी असलेल्या माणसाचा महिनाभराचा सक्तीचा आराम त्याला काय किंमत मोजायला लावत असेल, याचा अंदाज यावरून येतो. घरचे ज्याला ‘वयोमान’ म्हणतात, त्यात या आरामाचा वाटा मोठा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, ६५ वर्षांवरील व्यक्तींनीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. ज्यांना आजारामुळे एवढे झेपत नाही, त्यांनी झेपेल तेवढे करावे. आमच्याकडे येणाऱ्या किती आजी-आजोबांना जिम किंवा योगवर्ग जवळ आहे? बागेत मात्र वाकणे, उठणे, वळणे, उचलणे, तोल सांभाळणे हे सगळे आपोआप घडते आणि कोणी ‘व्यायाम करा’ म्हणून मागे लागावे लागत नाही.

शरीराखेरीजही काही असते. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितले की तुमच्या दिवसाचे निर्णय तुम्ही घ्यायचे, आणि सांभाळायला एक रोप हवे असल्यास निवडून घ्या. दुसऱ्या मजल्यावर प्रत्येकाला रोप दिले, पण त्याची काळजी परिचारिका घेतील असे सांगितले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे रहिवासी अधिक सावध, उत्साही आणि हालचाल करणारे आढळले. प्रयोग लहान होता आणि फरक केवळ रोपाचा नव्हता, म्हणून त्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण ज्याची काळजी घेतली जाते तो आणि जो कशाची तरी काळजी घेतो तो, या दोघांच्या दिवसात फरक असतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने घरात पाहिले आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, २०१६ मध्ये जिथे लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे बागेचे कौतुक कशाला? पण दुष्काळी भागातली ही बाग टँकरच्या पाण्यावर उभी राहत नाही. भांडी विसळलेले, भाजी धुतलेले, न्हाणीतले पाणी तिच्या वाट्याला येते. कोणते झाड किती दिवस थांबू शकते याचा हिशेब तिथल्या आजीच्या डोक्यात असतो. आणि मी मुद्दाम ‘आजी’ म्हणतो. पुरुषाचे काम सुटले की नोकरी सुटली, शेत सुटले असे म्हणतात. बाईची परसबाग सुटली तर कोणी म्हणतच नाही, कारण ते काम होते हेच कोणाच्या मोजणीत नसते. त्यामुळे तिचा आजार आणखी उशिरा कळतो.

बाग चालू ठेवा म्हणजे पूर्वीसारखे राबा, असे मात्र मी सांगत नाही. धोके खरे आहेत. मधुमेह्याने अनवाणी किंवा चपलेवर काटेरी वाफ्यात जाऊ नये. बंद बूट घालावेत आणि संध्याकाळी उजेडात तळपाय तपासावेत, स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांकडून तपासून घ्यावेत. काटा रुतल्यावर जखम धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारावे. काटा लागलेल्या जागी काही महिन्यांनी न दुखणारी गाठ आली आणि तिच्यातून कणीदार स्राव येऊ लागला, तर दुर्लक्ष करू नये. तो मदुरा फूट हा चिवट आजार असू शकतो. शेर आणि त्रिधारी निवडुंग यांचा चीक डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते. लगेच पंधरावीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावा आणि नेत्रतज्ज्ञांकडे जावे. कण्हेरीचे सर्व भाग हृदयासाठी विषारी असतात, नातवंडे खेळत असतील तिथे ती नको. दगडांच्या सांदीत हात घालण्यापूर्वी काठीने चाचपावे, फुरसे आणि घोणस अशाच जागी असतात. लघवीच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उन्हात चक्कर येऊ शकते. काम सकाळी आठच्या आत संपवावे आणि पाणी किती प्यावे हे आपल्या डॉक्टरांना विचारावे, कारण हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ते प्रमाण वेगळे असते.

मग उपाय काय? बाग माणसाच्या मापाची करावी. वाफे जमिनीवरून कंबरेच्या उंचीवर आणावेत. विटांचा कट्टा पुरतो. बादलीऐवजी नळी किंवा अर्ध्या लिटरचा तांब्या वापरावा. फळझाडाजवळ मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, झाकण ठेवून, आठवड्यातून एकदा भरले तर पाणी हळूहळू झिरपत राहते आणि रोजच्या फेऱ्या वाचतात. बसायला हात असलेली खुर्ची ठेवावी, म्हणजे उठताना आधार मिळतो. वाट सपाट करावी, हवा तर तेवढाच कोबा करावा. काटेरी आणि चिकाची झाडे मागे, सौम्य झाडे पुढे आणावीत. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे. ते मुलांनी ठरवू नये. ज्याची बाग आहे त्याने ठरवावे.

कोरडवाहू बागेची इथे एक मोठी सोय आहे. कोरफड आणि घायपात पिल्ले देतात. चाफ्याची फांदी आठवडाभर सावलीत सुकवून लावली की फुटते. निवडुंगाचा तुकडा पिशवीत घालून शेजारच्या गावी नेता येतो. एक बाग पन्नास कुंड्यांमध्ये वाटून टाकता येते. ‘हे आमच्या आजोबांच्या बागेतले’ असे म्हणणारी पन्नास घरे तयार होतात. पण त्यासाठी वाटणारा माणूस हिंडता-फिरता असतानाच ते सुरू व्हायला हवे.

वेळेवर विचारल्याने काय होते, याचे एक उदाहरण कॅलिफोर्नियातले आहे. तिथला उन्हाळाही जवळजवळ पावसाशिवाय जातो. वॉलनट क्रीक इथे रूथ बँक्रॉफ्ट या बाईंनी साठी ओलांडल्यावर, १९७२ मध्ये, निवडुंग आणि मांसल पानांच्या झाडांची बाग सुरू केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कडाक्याची थंडी पडून बरीच झाडे मेली. त्यांनी पुन्हा लावली. पुढे, त्या ऐंशीच्या घरात असताना, फ्रँक कॅबट हे बागप्रेमी गृहस्थ ती बाग पाहायला गेले आणि त्यांच्या मनात प्रश्न आला की हिचे पुढे काय होणार? त्यातून १९८९ मध्ये ‘गार्डन कन्झर्व्हन्सी’ ही संस्था उभी राहिली. बाग लोकांसाठी खुली झाली. बँक्रॉफ्ट २०१७ मध्ये १०९ व्या वर्षी गेल्या, बाग आजही आहे. आपल्याकडच्या अंगणाला संस्था लागत नाही. एक नातू किंवा शेजारीण पुरते. पण ‘पुढे काय’ हे कोणीतरी मोठ्याने विचारावे लागते.

काही वेळा उशीर झालेला असतो. पक्षाघात झालेला, सतत ऑक्सिजनवर असलेला, कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातला रुग्ण बागेत परत जाणार नसतो. त्याला ‘बरे व्हा, मग पुन्हा लावू’ असे सांगणे मला पटत नाही. त्याला ते खोटे आहे हे कळत असते. त्याऐवजी खाट खिडकीशी सरकवावी, एक कुंडी त्याच्या हाताच्या अंतरावर ठेवावी आणि जी गेली त्या बागेबद्दल त्याला बोलू द्यावे. कोणते झाड कुठून आणले, कोणत्या दुष्काळात काय जगले, कोणाला फांदी दिली. हे ऐकणे म्हणजे वेळ घालवणे नाही. पॅलिएटिव्ह केअरमध्ये ‘तुमच्यासाठी महत्त्वाचे काय’ हा पहिला प्रश्न असतो आणि पुष्कळांचे उत्तर असेच कुठेतरी अंगणात सापडते.

व्यवस्थेकडूनही थोडी अपेक्षा आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी ओपीडी, दहा खाटांचा कक्ष आणि फिजिओथेरपी त्यात अपेक्षित आहे. या सेवेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट हवा, जो रुग्णाला त्याच्या नेहमीच्या कामांकडे परत कसे न्यायचे ते पाहतो. आणि केसपेपरवर एक ओळ हवी: ‘पूर्वी आवडीने काय करत होता? ते कधी सुटले? का?’ दोन मिनिटांच्या ओपीडीत याला वेळ कुठे, असे माझे सहकारी विचारतात. हा प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात आणि पुढच्या कितीतरी आंधळ्या तपासण्या वाचतात.

वाचकांना मात्र केसपेपर बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी आई-वडिलांना दवाखान्यात नेताना रिपोर्टांच्या फाइलबरोबर एवढे लिहून न्या: वर्षभरापूर्वी त्या काय करत होत्या, आता काय करत नाहीत, आणि पहिल्यांदा काय सुटले. आणि डॉक्टर ‘आराम करा’ म्हणाले, तर तिथेच विचारा: किती, कधीपर्यंत, आणि त्यानंतर काय करायचे?